व्हीजीए पोर्टवालं '१०५० टीआय': माझे ७,२७० रुपये कसे गेले

ॲपवरची जाहिरात बघून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि फसलो. आधी हिशोब देतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. टोकन ५००, भेटल्यावर ४,७००, दोन्ही यूपीआयने. मोलेक्स ते सिक्स पिन वायर (कार्डाला वेगळी पॉवर देणारी) १२०. मशीन तरीही बंद पडत होतं म्हणून नवीन एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, १,९५०. एकूण ७,२७० रुपये. बदल्यात हातात आलं २०१० सालचं जीटीएस ४५०, वर '१०५० टीआय, ४ जीबी' असं स्टिकर. आणि हे सगळं कशापायी? ३५० रुपयांचा एक कन्व्हर्टर वाचत होता म्हणून.

मशीन असं: आय५-४४६०, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला '४५० वॉट'चा एसएमपीएस, आणि जुना मॉनिटर ज्याच्या पाठीमागे फक्त निळं व्हीजीए सॉकेट. अशा मशीनसाठी सगळे जीटीएक्स १०५० टीआयच का सुचवतात हे वेगळं सांगायला नको. कार्ड ७५ वॉटचं, तेवढे वॉट बोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळतात, बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर वायर लागत नाही. ७६८ कोर, ४ जीबी जीडीडीआर५, १२८ बिट. हे आकडे मला तेव्हाही पाठ होते. म्हणूनच जास्त लाज वाटते.

अडचण एकच होती. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने १००० मालिकेपासून कार्डातून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नलच काढून टाकला. १०५० टीआयला साधारणपणे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय-डी, तिन्ही डिजिटल. व्हीजीए मॉनिटरला जोडायचं तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, तोच तो ३५० रुपयांचा. जाहिरातीतल्या कार्डाला मात्र व्हीजीए पोर्ट होता. मागितले ५,८००, ठरले ५,२००. माल दाखवताना विकणारा म्हणाला, "दादा, तुमचा मॉनिटर जुना आहे ना, मग हेच घ्या. नवीन कार्डांत व्हीजीए देतच नाहीत आता."

हे वाक्य मी रोज आठवतो. नवीन कार्डांत व्हीजीए देत नाहीत, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हणजे समोरचं कार्ड नवीन नाही, हेही त्याच वाक्यात सांगून झालं. मी काय केलं? मान डोलावली, आणि कन्व्हर्टरचे ३५० वाचले म्हणून मनातल्या मनात खूश झालो. त्या एका निळ्या सॉकेटकडे बघून उठून निघायला हवं होतं.

आता लोक म्हणतील, चालवून का नाही बघितलं? बघितलं की! त्याच्या मशीनवर लावून, डोळ्यांनी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'जीटीएक्स १०५० टीआय'. विंडोजच्याच डीएक्सडायगमध्ये नाव तेच. मेमरी ४०९६ एमबी. एक गेमही पाच मिनिटं चालवून दाखवला. पण नाव ड्रायव्हरमधून (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) येतं, मेमरीचा आकडा कार्डाच्या बायोसमधून (कार्डातच साठवलेलं सॉफ्टवेअर), आणि हे दोन्ही बदललेले असतील तर विंडोज तेच खोटं इमानदारीने वाचून दाखवतं. त्या मशीनला नेट नव्हतं. ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये दिला आणि वर बजावलं, "यातलाच टाका, नेटवरचा टाकला की स्लो होतं." विकणारा ड्रायव्हर कुठला टाकायचा ते सांगायला लागला की तिथेच थांबा. अस्सल कार्डाला कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर चालतोच.

कार्डावरच्या सिक्स पिन पॉवर सॉकेटबद्दल मात्र मी स्वतःला फार दोष देत नाही. "ओव्हरक्लॉकवालं आहे," म्हणजे वेग वाढवलेलं, असं तो म्हणाला, आणि काही अस्सल १०५० टीआयना सिक्स पिन असते हे खरं आहे. त्यामुळे पोर्टसारखी ती पक्की खूण नाही. पण दोन्ही एकत्र दिसल्या तर मग काय उरलं?

घरी आल्यावर गेम सुरू केला की दहा मिनिटांत मशीन रीस्टार्ट. मी दोष दिला एसएमपीएसला, आणि गंमत म्हणजे तो दोष खराही होता. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ ॲम्पिअर, म्हणजे १६८ वॉट. बाकीचे '४५०' कुठे गेले ते छापणाऱ्याला माहीत. प्रोसेसर ८४ आणि अस्सल १०५० टीआय ७५ धरले तर १५९, काठावर का होईना बसतं. पण जीटीएस ४५० खातं १०६, म्हणजे बेरीज १९०. ही बेरीज मी तेव्हा केली असती तर कार्ड किती ओढतंय हा प्रश्न पडला असता. त्याऐवजी १,९५० मोजून नवीन एसएमपीएस आणला. रीस्टार्ट थांबले आणि मी आणखी दोन दिवस खुशीत राहिलो. एसएमपीएस घेताना वॉट बघूच नका, १२ व्होल्टचे ॲम्पिअर बघा. आणि मोलेक्सवरून सिक्स पिन ओढायचीच वेळ आली तर दोन मोलेक्सवाली वायर घ्या, एका मोलेक्सचं सॉकेट तापून पिवळं पडतं.

मग जीटीए ५ हा गेम. सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरीची पट्टी येते, ती ४०९६ दाखवत होती. टेक्स्चर 'नॉर्मल'वर होतं तोवर रखडत का होईना चाललं. 'हाय' केलं, पट्टी १,७०० च्या पुढे गेली, गेम लोड झाला आणि रस्त्यावर जांभळे-हिरवे चौकोन, मग काळा पडदा. परत केलं, परत तिथेच. कारण सरळ आहे: कार्डावर खरी मेमरी १ जीबी. बायोस ४ म्हणतो, गेम ४ समजून भरायला जातो आणि नसलेल्या जागेत डेटा टाकतो.

तेव्हा कुठे कंपनीचा ड्रायव्हर उतरवला. इन्स्टॉलरने सांगितलं, जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही. मग कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड चालवलं. २०१८ पासून या सॉफ्टवेअरमध्ये बनावट कार्ड ओळखायची सोय आहे. कार्डाच्या नावापुढे चौकटी कंसात 'फेक' लिहून येतं आणि लोगोच्या जागी इशाऱ्याचा त्रिकोण. चिप जीएफ१०६, म्हणजे जीटीएस ४५० ची. ४० नॅनोमीटर. कोर १९२. फक्त मेमरीच्या रकान्यात निर्लज्जपणे ४०९६. खात्री म्हणून मागचे चार स्प्रिंग स्क्रू काढले, हीटसिंक उचलला, वाळून खडू झालेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. चिपवर कोरलेलं: जीएफ१०६-२५०. अस्सल १०५० टीआयवर जीपी१०७-४०० असतं.

जीपीयू-झेड काही एमबीचं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, नेट लागत नाही. पेनड्राइव्हवर टाकून खिशात ठेवा. विकणारा 'माझ्या मशीनला पेनड्राइव्ह लावू नका' म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. तेही जमत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघा: १०५० टीआयचा डिव्हाइस कोड १सी८२, जीटीएस ४५० चा ०डीसी४. स्क्रीनवरचं नाव कोणीही बदलेल, या कोडकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

विकणाऱ्याने तोवर ब्लॉक केलं होतं. जाहिरात गायब, खातं बंद, चॅट उघडत नाही. ॲपवाल्यांचं उत्तर ठोकळ्यासारखं: पैसे ॲपबाहेर दिले, आमची जबाबदारी नाही. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात ना? टाकला. मग व्यवहार बरोबर आहे.

आणि पोलीस चौकी! पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "भेट झाली स्टेशनजवळ, ती आमची हद्द नाही." हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर असतो, हे म्हणालो तर "तुम्ही वकील आहात का?" तिसऱ्या दिवशी एका हवालदारांनी खरंच ऐकून घेतलं. कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "हे चालू आहे का?" चालू आहे. "स्क्रीनवर चार जीबी दिसतं का?" दिसतं. "मग फसवणूक कुठे झाली?" यावर मी अर्धा तास बोललो. बंद वस्तू असती तर समजली असती. चालणारी खोटी वस्तू त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी, बिल आणा. सेकंडहँड मालाचं बिल कुठून आणू? मग, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. एका कोऱ्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. पाच हजारांसाठी कोण धावणार, हे कोणी तोंडाने म्हणालं नाही एवढंच. चोरालाही ते पक्कं ठाऊक आहे, त्याने भाव त्याच हिशोबाने लावलेला असतो.

दिवाणी मामला वगैरे ऐकून परत फिरू नका. खोटी वस्तू खरी सांगून पैसे घेणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), दखलपात्र. चौकीने नाकारलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेट. पोस्टाची पावती जपा, तीच तुमची पोच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तर त्याच दिवशी करा. माझ्यासारखं पाचव्या दिवशी नाही, तोवर खात्यात काही उरत नाही. आणि भांडण सुरू करण्याआधी जाहिरात, चॅट, प्रोफाइल, यूपीआय आयडी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. मी आधी शिव्या दिल्या, मग स्क्रीनशॉट काढायला गेलो. तोवर ब्लॉक.

जीबी बघून कार्ड घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट, कारण यात बनावटगिरीसुद्धा करावी लागत नाही. ४ जीबी डीडीआर३ चं अस्सल जीटी ७३० दुकानात 'गेमिंग कार्ड' म्हणून मिळतं. ६४ बिट, सेकंदाला साधारण १४ जीबी वेग; १०५० टीआयचा ११२. बिल मिळेल, वॉरंटी मिळेल, गेम चालणार नाही. तसंच आरएक्स ५८० हे कार्ड घेताना जाहिरातीत '२०४८ एसपी' आहे का वाचा. खऱ्या ५८० ला २३०४ कोर, २०४८ म्हणजे नाव बदललेलं ५७०. त्यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, फक्त भाव ५७० चा द्या.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली, नव्या नावाने. तोच फुलाफुलांचा टेबलक्लॉथ, तेच कार्ड आडवं ठेवलेलं, निळा पोर्ट कॅमेऱ्याकडे. भाव ५,५००. खाली लिहिलंय, 'जुन्या मॉनिटरला चालेल'. रिपोर्ट केलं, 'धन्यवाद, आम्ही तपासत आहोत' असं उत्तर आलं. हे लिहीपर्यंत जाहिरात तिथेच आहे.