फोल्डस्कोप : मुलांच्या हातात द्यावा असा कागदी सूक्ष्मदर्शक

खेळण्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्मदर्शकांच्या खोक्यांवर ‘1200 पट’ असे ठळक छापलेले असते. मात्र भिंगे सुमार असल्यामुळे त्यांतून बहुधा एक मोठा, धूसर डाग तेवढा दिसतो आणि खोके लवकरच माळ्यावर जाते. त्यांच्या तुलनेत साधारण 140 पट मोठे दाखवणारा फोल्डस्कोप मला कितीतरी सरस वाटतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी विज्ञानाची एकच वस्तू घ्यायची असेल, तर ती हीच घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन.

मेरठमध्ये जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात जिम सायबुल्स्की यांच्यासह हे उपकरण विकसित केले आणि त्यावरील शोधनिबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. न भिजणाऱ्या जाड कागदाचे छापील भाग सुटे करायचे, घड्या घालून एकमेकांत अडकवायचे आणि मधोमध एक बारीक गोल भिंग बसवायचे, एवढीच याची रचना आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधील लेव्हेनहुक यांनी पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले तेही असेच एका भिंगातून, ही गोष्ट जुळणी चालू असताना मुलांना जरूर सांगावी. शाळेतला सूक्ष्मदर्शक पुष्कळदा कुलपातच राहतो, कारण तो बिघडण्याची धास्ती सर्वांनाच असते. इथे मात्र उपकरण मुलाने स्वतः जोडलेले असल्यामुळे ते हाताळण्याची भीती त्याला उरत नाही.

पहिल्या दिवशी काय पाहावे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. कांद्याची एक जाड पाकळी मोडून तिच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने अलगद सोलावा, तो पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता काचपट्टीवर पसरावा आणि वर आयोडीनचा एक थेंब सोडावा. विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या लांबट पेशी आणि जवळजवळ प्रत्येकीत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक, इतके स्पष्ट दिसते की पाठ्यपुस्तकातली आकृती कशावरून काढली हे मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर जास्वंदीचे काटेरी परागकण, मेलेल्या फुलपाखराच्या पंखावरचे खवले आणि मिठाचे चौकोनी दाणे पाहावेत. वाळलेले गवत चार-पाच दिवस पाण्यात ठेवले तर त्या पाण्यात वेगाने पळणारे सूक्ष्मजीव सापडतात. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकले की त्यांची धाव अडते आणि मुलांना ते निवांत पाहता येतात.

मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. दह्यातले जिवाणू दाखव, असा हट्ट मुले हमखास करतात, परंतु 140 पटींच्या भिंगातून त्यांचा आकार ओळखण्याइतपत काही दिसत नाही, त्यामुळे तसे आश्वासन आधी देऊ नये. भिंग डोळ्याला अगदी टेकेल इतके जवळ धरावे लागते, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना एक डोळा मिटून कागद किंचित सरकवत प्रतिमा स्पष्ट करणे अवघड जाते. त्यांच्यासाठी जुळणी मोठ्यांनी करावी आणि सोबत येणाऱ्या चुंबकाने उपकरण मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवून द्यावे. मोठ्या मुलांनी मात्र आधी स्वतःच्या डोळ्याने पाहावे, असे माझे मत आहे, कारण पडद्यावर दिसणारी गोष्ट त्यांना आणखी एक व्हिडिओच वाटण्याचा संभव असतो. उजेडासाठी खिडकीकडे किंवा दिव्याकडे तोंड करावे. सूर्याच्या दिशेने भिंग कधीही धरू नये, ही सूचना पहिल्याच वेळी कडक शब्दांत द्यावी.

साधा संच आणि चिमटा, ड्रॉपर, काचपट्ट्या असलेला मोठा संच यांपैकी घरासाठी साधा पुरेसा आहे, कारण बाकीचे साहित्य प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात सुटे मिळते. घरात दोन मुले असतील तर मोठा संच एक घेण्यापेक्षा साधे दोन घ्यावेत, म्हणजे पाहण्याच्या पाळीवरून भांडणे होणार नाहीत आणि एकाला सापडलेली वस्तू दुसऱ्यालाही लगेच स्वतः शोधून पाहता येईल.