कार्ब्युरेटर सोडा, आधी हे घ्या: ड्वेल दाखवणारी टायमिंग लाइट

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मिसिंग मारायला लागलं की सगळ्यांचे हात आधी कार्ब्युरेटरकडे जातात. माझ्या एमजीबीत (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) एसयू कंपनीचे दोन एचएस4 कार्ब्युरेटर बॉनेट उघडताच समोर दिसतात. प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा लुकासचा 25डी4 डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला, खाली दडलेला. म्हणून बिचाऱ्या एसयूंचे स्क्रू फिरत राहतात आणि डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा झिजलेला बुश मजेत असतो.

ही पिस्तुलाच्या आकाराची डिजिटल टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, आरपीएम, ड्वेल (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे पॉइंट मिटलेले राहतात तेवढा शाफ्ट फिरण्याचा कोन), अॅडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते) आणि बॅटरीचा व्होल्टेज दाखवते. दोन चिमटे बॅटरीला, एक क्लॅम्प पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरवर आणि ड्वेलसाठी एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला. क्लॅम्पवरचा बाण प्लगकडे हवा. उलटा लावला तर आकडे भरकटतात.

मला तिच्यातलं सर्वांत आवडलं ते ड्वेल. 25डी4 ला तो 60 अंश हवा, तीन इकडेतिकडे चालतात. पण आयडलला आकडा बरोबर आला म्हणून खूश होऊ नका. इंजिन हळूहळू 2,500 आरपीएमपर्यंत न्या आणि डिस्प्लेवर नजर ठेवा. आयडलला 60 दाखवणारा ड्वेल वर जाताना 54 वर घसरला, तर नवे पॉइंट टाकून काही उपयोग नाही. शाफ्ट बुशमध्ये हलतोय. खात्री करायची तर कॅप आणि रोटर काढा, पॉइंट उघडलेल्या अवस्थेत 15 थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिलर गेज आत घाला आणि शाफ्टला अंगठ्याने पॉइंटच्या दिशेने व उलट ढकला. चांगल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये गेजची पकड बदलल्यासारखी वाटत नाही. झिजलेल्यात एकीकडे गेज घट्ट अडकते, दुसरीकडे सैल पडते. ड्वेल एक अंश हलला की क्रँकवरचं टायमिंगही साधारण एक अंश हलतं, म्हणजे सहा अंशांची घसरण किरकोळ नव्हे.

तक्रार इथेच आहे. डिस्प्ले सरासरी दाखवतो. सुई असलेल्या जुन्या ड्वेल मीटरवर झिजलेल्या बुशची सुई थरथरते, इथे मात्र आकडा शहाण्यासारखा स्थिर बसतो. ही थरथर बघायची तर दिवा क्रँकच्या पुलीवर मारावा लागतो. पुलीवरच्या टायमिंगच्या खाचेत आधी खडू भरा. स्थिर आरपीएमला खाच एका जागी गोठल्यासारखी दिसली पाहिजे. ती पुढेमागे नाचत असेल तर पॉइंट प्रत्येक फेरीत वेगळ्या वेळी उघडतायत. व्हॅक्यूम पाइप काढून, त्याचं कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करून इंजिन वर नेलं तरी खाच जागची हलली नाही, तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर अॅडव्हान्स वाढवणारी वजनं गंजून जाम झालीत. आयडललाच अॅडव्हान्स चढलेला आणि भटकणारा असेल तर त्यांच्या स्प्रिंगांवर संशय घ्या.

आणखी एक उपयोग माहितीपत्रकात नाही, पण माझ्या मते पैसे त्यातच वसूल होतात. मिसिंग चालू असताना क्लॅम्प प्लग वायरवर ठेवून दिव्याच्या चमका बघा. मध्येच चमक गळते का? गळत असेल तर क्लॅम्प कॉइलकडून कॅपच्या मधोमध येणाऱ्या जाड वायरवर न्या. तिथेही गळत असेल तर गडबड मागे आहे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, नाहीतर त्यांची वायर. तिथे चमका सलग, पण प्लगच्या वायरवर तुटक, तर ठिणगी कॅप, रोटर नाहीतर त्या वायरीतच कुठेतरी पळतेय. मग कॅपच्या आत टॉर्च मारा. दोन टर्मिनलांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली की कॅप फेकायची, घासत बसायची नाही. मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर आतबाहेर होते का, तेही तेव्हाच बघून घ्या.

रोटर डोळ्यांना धडधाकट दिसतो आणि तरी फसवतो. रिव्हेट मारलेल्या स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टी आणि शाफ्ट यांच्यात इन्शुलेशन फार थोडं उरतं आणि ठिणगी आरपार शाफ्टला जाते. रिव्हेट नसलेला लाल रोटर घ्या, एवढंच सांगेन.

व्हॅक्यूम पाइपातल्या ओढीने डायफ्राम पॉइंटची प्लेट फिरवतो; त्याची परीक्षा मात्र दोघांनी करायची. एकाने पाइपातून तोंडाने हवा ओढायची, दुसऱ्याने ड्वेल बघायचा. पॉइंटची प्लेट फिरते तसा आकडा एखाददुसरा अंश सरकला तर चालतं. पण तो शून्याकडे कोसळला किंवा इंजिन अडखळलं, तर आतली कापडी आवरणाची अर्थिंग वायर बघा. ती प्लेटबरोबर वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि बाहेरून अगदी साबूत दिसते. हलक्या अॅक्सिलरेटरवरच मिसिंग, पूर्ण दाबला की गायब, अशा गाड्यांत मी सर्वांत आधी हीच वायर तपासतो. ओढल्यावर जीभ लावून पाइप बंद केला तरी प्लेट हळूहळू परत येत असेल, तर डायफ्राम फाटलाय.

कंडेन्सरचं निदान ही लाइट थेट करत नाही. इंजिन गरम झाल्यावरच चमका गळत असतील आणि पॉइंट निळसर जळलेले असतील, तर तिथून अंदाज बांधायचा.

बांधणी ठीक. बटणं हातमोजे घालून दाबता येत नाहीत, वायरी आखूड आहेत, आणि साध्या तांब्याच्या, सप्रेशन नसलेल्या प्लग वायरी असतील तर आरपीएम वेड्यासारखा उडतो. पंख्यापासून वायर लांब ठेवा, ती पट्ट्यात सहज ओढली जाते. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं असेल तर ड्वेलसाठी जादा पैसे मोजू नका; मॉड्यूलचा ड्वेल गॅपने बदलत नाही, साधी स्ट्रोब लाइट पुरेल.