वेडर, १४ महिने: डावा पाय सोडून सगळं मस्त

मागच्या जानेवारीत सेलमध्ये २३० पाउंडांना घेतला हा वेडर, म्हणजे नदीत उभं राहून मासे धरताना घालायची वॉटरप्रूफ पँट. ब्रीदेबल (घाम बाहेर सोडणारा), स्टॉकिंगफूट (खाली निओप्रीन रबराचे मोजे, वर बूट वेगळे), छातीपर्यंतचा, स्पेक्स तुम्हाला माहितीच आहेत. पहिल्या दोन ट्रिपांनंतर पाच स्टार देऊन मोकळा होणार होतो, आळस केला तेच बरं झालं.

वापर कुठे ते आधी सांगतो, कारण जूनमध्ये तळ्यावर ट्राउट मारणाऱ्याला हा रिव्ह्यू कटकट वाटेल. मी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला नोकरीला, त्यामुळे नदी डी, आणि वेड स्प्रिंग सॅमनचं, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला समुद्रातून नदीत येणाऱ्या सॅमनचं, त्यालाच स्प्रिंगर म्हणतात. सीझन १ फेब्रुवारीला उघडतो. पाणी ३-४ डिग्री, वरून केर्नगॉर्म डोंगरांचा बर्फ वितळून येत असतो, रॉडच्या रिंगांमध्ये बर्फ धरतो आणि दर चार-पाच कास्टला टोक पाण्यात बुडवून तो मोकळा करायचा. १५ फुटी दोन हाती रॉड, सिंकिंग (बुडणारी) लाइन, ट्यूबवर बांधलेली विली गन, म्हणजे केसांची नकली माशी. कास्ट मारा, माशी प्रवाहात आडवी फिरू द्या (स्विंग), दोन पावलं खाली सरका, परत तेच, दिवसभर मांडीभर पाण्यात. मासा नदीत आल्यावर काही खात नाही, त्याला चिडवूनच घ्यायला लावायचं, म्हणजे जो जास्त वेळ पाण्यात उभा राहतो त्याचा चान्स जास्त. आणि उभं राहणं ठरतं पायाच्या बोटांवर.

तिसऱ्या ट्रिपला डावा अंगठा ओला लागला. घाम असेल म्हटलं, ब्रीदेबलमध्ये सगळे आधी हेच म्हणतात. दुपारी मोजा काढून पिळला तर अर्धी वाटी पाणी! तशा पायाने दोनपर्यंत तग धरला आणि निघालो. तोपर्यंत माझ्या नावावर दोन केल्ट, म्हणजे अंडी घालून परत समुद्राकडे निघालेले लांबुळके मासे, ते कोणी धरत नाही हिशेबात. तीन वाजता नदीच्या त्याच डोहात दुसऱ्या एकाला दहा पौंडी ताजा स्प्रिंगर लागला, गिलीने (नदीवरच्या गाइडने) संध्याकाळी फोटो पाठवला. तो फोटो बघून मी कंपनीला मेल लिहिला, त्यामुळे भाषा जरा कडक गेली असेल.

पुढे नेहमीचं. फोटो पाठवा, बिल पाठवा, धुऊन वाळवून स्वखर्चाने पाठवा. पाच आठवडे गेले, ऐन मार्च, मी मित्राचा दोन साइज मोठा वेडर घालून बदकासारखा चालत होतो. उत्तर काय, तर छिद्रं वापरामुळे पडलीत, वॉरंटीत बसत नाही. दोन स्टार, तेही दया म्हणून, असं ठरवलं.

आता इथे मला थोडं मागे यावं लागतंय. वेडर परत आल्यावर बाथटबवर टांगला, पायात घोट्यापर्यंत पाणी भरलं (बायको दारात उभी राहून काही न बोलता बघत होती) आणि थेंब कुठून येतात ते बघितलं. डाव्या पायाची टेप शिवणीवरून दोन सेंटिमीटर सुटलेली, ती शंभर टक्के त्यांची चूक. पण टाचेखाली बारीक चार छिद्रं होती, ती माझी. कार पार्कच्या खडीवर नुसत्या निओप्रीनच्या पायांनी उभं राहून बूट चढवायचे, दुसरं काय होणार? आठ पाउंडांची मॅट घ्यायची नाही म्हणून वाचवलेले पैसे असे गेले. आता डिकीत जुनं पायपुसणं असतं.

बाकी पट्टे, खिसे, कंबरेचा बेल्ट सगळं उत्तम, गुडघे १४ महिन्यांनंतरही कोरडे. तीन स्टार. अर्धा त्या टेपसाठी परत कापला असता, पण यंदाच्या २१ फेब्रुवारीला माझाही स्प्रिंगर लागला, साधारण नऊ पौंड, पाण्यातच हूक काढून सोडला. १ एप्रिलच्या आधी स्कॉटलंडमध्ये कुठेच सॅमन ठेवता येत नाही, आणि डीवर तर वर्षभर सोडायचाच. देवगडला बाबांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर गरवून घरी मासा आणला, मुंबईवाले रावसाला सॅमन म्हणतात त्यावरही ते चिडतात. म्हणाले, "धरून सोडतस? मगे जातस कित्याक?" मी म्हटलं बाबा, त्यासाठी दिवसाचे पैसेपण भरतो. फोन ठेवला त्यांनी.

छिद्रं कशाने बुजवली, ते ग्लूबद्दल विचारतील म्हणून: वेडर रिपेअरचाच लवचीक ग्लू घ्या, साधा सुपरग्लू कडक होऊन तडकतो. शनिवारी नदीवरून आलो की पाय उलटे करून वाळवतो, रात्री लावतो. रविवारी इथे सॅमन फिशिंगला कायद्याने बंदी, त्यामुळे ग्लूला सुकायला अख्खा दिवस मिळतो आणि सोमवारी ऑफिस. उजव्या पायालाही परवा थोडी ओल लागली, बहुतेक घामच असेल.