तीन नळकांडी, आठ महिने आणि हुकलेली कारवी

फुलं जवळून टिपायला घेतलेल्या कॅमेऱ्याच्या एका जोडवस्तूचा हा अभिप्राय मी सप्टेंबरमध्येच लिहायला बसले होते. तेव्हा लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून थांबले. आता फेब्रुवारी चालू आहे, राग निम्म्यावर आलाय. उरलेला निम्मा खाली येईलच.

वस्तू साधी आहे. एक्स्टेन्शन ट्यूबचा संच, १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन रिंगा, कॅमेऱ्याशी बोलणाऱ्या पिना असलेला. आमच्या सासूबाई त्यांना ‘नळकांडी’ म्हणतात आणि तेच नाव घरात पडलंय. जून २०२४ च्या शेवटी २,३५० रुपयांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातला माल पाच नावांनी विकला जातो.

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळचं टिपणारी खास लेन्स, का नाही घेतली, असं विचारणाऱ्यांनी आधी तिची किंमत बघावी. माझ्या कॅमेऱ्याला बसणारी बरी लेन्स चाळीस हजारांच्या घरात जात होती. हौस पावसाळ्यापुरती, आणि हप्ते मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत. पन्नास मिमीची जुनी लेन्स घरात पडूनच होती. तिच्यात आणि कॅमेऱ्यात पोकळ रिंग घातली की ती जवळचं बघायला लागते, एवढंच त्यामागचं शास्त्र. वस्तू सेन्सरवर कितीपट उमटेल, हा हिशेबही तोंडी होतो. रिंगेची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, म्हणजे तिच्यावर लिहिलेला ५० चा आकडा. ३६ ला ५० ने भागलं की ०.७२, त्यात लेन्स एकटीच जे ०.१५ पट देते ते मिळवायचं. तिन्ही लावल्या की दीडपट. एकास एक, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर, झालं की माझ्या कॅमेऱ्यात रुपयाचं नाणं आडवं जवळजवळ काठोकाठ बसतं आणि वरखाली कापलं जातं, यावरून अंदाज घ्या.

पहिला महिना मी वेड्यासारखी सुखात होते. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत जे उगवतं त्याला वॉचमन ‘कचरा’ म्हणतो. त्या कचऱ्यात केना होता. केन्याची भाजी खाल्लीय, भजी खाल्लीत, फूल मात्र पन्नास वर्षांत धड पाहिलं नव्हतं. दोन निळ्या मोठ्या पाकळ्या, तिसरी लहान, आणि मधोमध फुलीच्या आकाराचे पिवळे ठिपके. हे परागकोश नुसते दिखाऊ असतात, कामाचे पुंकेसर वेगळे. सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, त्यामुळे आधी डबे भरायचे की आधी फूल, हा रोजचा प्रश्न. (डबे दोनदा उशिरा गेले.) एकदांडी तर पायाखाली तुडवतो आपण. तिचं मधलं पिवळं बटण म्हणजे डझनावारी छोट्या फुलांची दाटी आहे, बाहेरच्या रांगेपासून आत आत उमलत जाणारी. ३६ च्या नळीतून प्रत्येक फुलातून बाहेर आलेली आणि टोकाला दुभंगून वळलेली परागवाहिनी दिसते. मी ते चित्र सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, “हे काय, जास्वंदीच्या जातीतलं का?” एकदांडी आहे म्हटल्यावर चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

आता खुळखुळ. तीन रिंगा लावल्या की लेन्स किंचित हलायची, गोल फिरवावी तशी नाही, तर वर-खाली, सैल दातासारखी. हातात धरून कानाशी नेलं तर आवाज यायचा. मी पहिल्याच दिवशी विक्रेत्याला फोन लावला. “मॅडम, इतना प्ले तो रहता है.” बरं, रहता है तर रहता है. नळवाल्याकडची पांढरी टेफ्लॉन टेप आणली, रिंगेच्या कडेला दोन वेढे दिले, आवाज बंद. स्वतःवरच खूश झाले. पण त्या दिवसापासून माझं लक्ष फुलाकडे कमी आणि खुळखुळीकडे जास्त, हेही खरं. यजमान म्हणाले की तू फोटो काढतेस का कॅमेऱ्याची नाडी तपासतेस?

१ सप्टेंबर, गणपतीच्या आदला रविवार. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पाटोणपाड्याच्या पुढच्या चढावर कारवी फुलली होती. कारवी हे डोंगरातलं झुडूप आठ वर्षांनी एकदा फुलतं. २०१६ ला फुलली तेव्हा माझ्याकडे कॅमेराच नव्हता. यंदा होता, नळकांडी होती, भल्या पहाटे निघाले, साडेसहाला चढावर. जांभळे घोस, धुकं, वारा पडलेला. असा वारा पडलेला तास महिन्यातून एकदा मिळतो. ३६ आणि २० लावली, गुडघे चिखलात टेकले, डोळा लावला, तर अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकाच्या, आकड्याजागी ००. काढली, पुसली, लावली. ००. टेप काढली. ००. फक्त २० लावली तरी ००.

ज्यांना याचा अर्थ माहीत आहे त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही म्हणजे तिचं अ‍ॅपर्चर सताड उघडं, माझ्या लेन्सचं १.८ वर, राहतं. एवढ्या जवळून १.८ वर पोस्टकार्डाच्या जाडीइतकंच स्पष्ट येतं, बाकी सगळं जांभळं धुकं. शंभरावर फोटो काढले. त्यातले चार ठेवलेत, तेही रागाची आठवण म्हणून. वरून गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एक मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “काय हरवलं का बाई?” मी म्हटलं, नाही, फूल बघतेय. “मग बघा की. असं डोळं लावून काय दिसतंय?” त्यांच्या घराच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या. त्यांना त्या चढावरच्या एका फुलाचं एवढं काय, असं वाटलं असणार.

पुढची कारवी २०३२ ला. मी साठीला टेकलेली असेन आणि चिखलात टेकलेला गुडघा उचलायला माणूस लागेल.

गणपती बसायच्या आधीच संच विक्रेत्याकडे कुरियर केला, स्वतःच्या १४० रुपयांनी. एकटी वीसची पाठवते म्हटलं तर नाही, ‘पूरा सेट भेजो’. अनंत चतुर्दशी झाली, बहर उतरला, मग डबा परत आला. आत एक चिठी, तपासून पाहिले, दोष आढळला नाही. आणि मागचं झाकण गायब. फोन केला तर म्हणे झाकण आलंच नव्हतं. अहो, मी स्वतः रबरबँड लावून पाठवलं होतं! त्या झाकणावरून मी तीन फोन केले. साठ-सत्तर रुपयांची वस्तू. हो, मला माहीत आहे.

मी तेव्हा ठरवलं होतं, एक तारा. तोही नाइलाजाने, कारण शून्य देता येत नाही.

पण ऑक्टोबरमध्ये स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि माझ्या रागाची जरा पंचाईत झाली. त्याने नळकांड्यांना हातही लावला नाही. आधी माझी पन्नासची लेन्स उलटी धरली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, खुळखुळ हिची आहे.” लेन्सच्या मागच्या रिंगेचे बारीक स्क्रू ढिले झाले होते. त्याने ते घड्याळजीसारखे एकेक आवळले, लेन्स लावून दिली, आणि नाही हलली. दोन महिने ज्या खुळखुळीवरून मी विक्रेत्याला बोल लावला ती माझ्याच घरची निघाली. पन्नास रुपये घेतले. मी टेफ्लॉन टेपचं सांगितलं तर हसला.

मग ००? ते मात्र नळकांड्याचंच. वीसच्या रिंगेतली एक पिन आत रुतून बसलीय, दाबली की वर येतच नाही. भिंगातून मीही पाहिली, बाकीच्या सगळ्या टवटवीत आणि ही एकच दबलेली. म्हणजे ‘दोष आढळला नाही’ लिहिणाऱ्याने डबा उघडून झाकण काढून घेतलं, पिन काही पाहिली नाही.

त्याच माणसाने जाता जाता सांगितलेल्या गोष्टीने माझी रात्रीची झोप उडाली. माझ्या कॅमेऱ्यावर नुसती लेन्स लावायची, अ‍ॅपर्चर ११ ला, म्हणजे बरंच बारीक, ठेवायचं, पुढचं छोटं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची. अ‍ॅपर्चरची पाती मिटलेलीच राहतात. मग पिना बोलोत न बोलोत. हे मला १ सप्टेंबरला सकाळी साडेसहाला माहीत हवं होतं.

तेव्हापासून १२ आणि ३६ एवढ्याच वापरते. ४८ भागिले ५०, अधिक ते ०.१५, म्हणजे एकास एकच्या जरा वरच. एकदाही ०० आलेलं नाही. तर मग वीसची हवीच कशाला होती, असं आता वाटतं.

बाकी गोष्टी भराभर सांगते. ऑटोफोकस विसरा, लेन्सवरची फोकसची रिंगही विसरा, अंग पुढेमागे डोलवून फोकस करायचा, श्वास सोडता सोडता क्लिक. उजेड फार जातो. एकास एकवर अ‍ॅपर्चर ८ ला ठेवलं तरी प्रत्यक्षात १६ सारखं वागतं, त्यामुळे पावसाळी सकाळी फ्लॅश लागतोच. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशची सावली नळकांड्यांमुळे फुलावरच पडते. मी श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या पांढऱ्या डब्याचा तळ गोल कापून तो लेन्सवर चढवलाय. फ्लॅशचा उजेड त्यावर पसरून मऊ येतो. (आम्रखंडाचा डबा घेऊ नका, केना हिरवट येतो.) हलणाऱ्या देठाला बांबूच्या काडीला बांधलेला कपड्यांचा चिमटा, देठ न चिरडता. कळलावीसारख्या मोठ्या फुलाला या नळ्या नकोतच, पण तिचा एक पुंकेसर धरा, टोकावरचा कोश तराजूच्या दांडीसारखा झुलताना दिसेल.

आणि एक फायदा जाहिरातीत कुणीच लिहीत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, माझी कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स त्यातच गेली. नळकांड्यात काचच नाही, बुरशीने खायचं काय?

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी स्वतःहून हाक मारली, “तुझं नळकांडं आण गं.” कुंडीतल्या मंजिरीवर एक फूल उमललं होतं, तीनचार मिलिमीटरचं. जांभळट ओठ, बाहेर डोकावणारे चार पुंकेसर, आणि त्यातल्या एकावर मुंगी. तो फोटो आता देवघराच्या शेजारी लावलाय. त्यांच्या मैत्रिणींना सांगतात, सुनेने काढला, आपल्याच तुळशीचा.

त्या एका फोटोमुळे तारे एकावरून साडेतीन. चार दिले असते, पण झाकण.

बारा आणि छत्तीसची विकणार नाही. वीसची कुणाला हवी असेल तर वर्तकनगरला येऊन फुकट न्या, पिन उचलता आली तर मलाही सांगा. झाकण मात्र तुमचं तुम्ही आणा.