मोबाइलवरचा कोर्स की शनिवार-रविवारची बॅच? पीअर समुपदेशक होण्याआधी

ऑनलाइन गटात पीअर समुपदेशक, म्हणजे आपल्यासारख्याच माणसांचं ऐकून घेणारा स्वयंसेवक, व्हायचं ठरवलं की शिकायचे दोन रस्ते समोर येतात. पहिला मोबाइलवरचा: व्हिडिओ, थोडं वाचन, शेवटी प्रश्नावली आणि प्रमाणपत्र. दुसरा हेल्पलाइनच्या धर्तीवरचा: आधी मुलाखत, मग काही शनिवार-रविवार रोल-प्ले, नंतर जुन्या स्वयंसेवकाशेजारी बसून ऐकणं आणि त्यानंतरच स्वतंत्र पाळी. सल्ला द्यायचा नाही, गोपनीयता पाळायची, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितो.

पात्रतेचं आधी मिटवू. दोन्हींतलं कुठलंही प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला १९९२च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ऐकून घेणाऱ्या स्वयंसेवकाला मात्र मानसशास्त्राची पदवी लागत नाही, आणि पदवीशिवाय काम नीट होतं याचा दाखला गोव्यातच आहे. ‘संगत’ या संस्थेनं इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात बोलणारे समुपदेशक साध्या शिक्षणाचे होते. सहा ते आठ बैठकांत ठरलेल्या पद्धतीनं काम करायचे आणि रुग्णांना त्याचा फायदा झाला. हा दाखला सगळे देतात, पण निम्मा गाळून. त्या समुपदेशकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि गटात बसून ते ऐकून गुण दिले जायचे. काम सुरू झाल्यावरही हे चालूच होतं.

मोबाइलच्या कोर्सला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. सिद्धांत तिथं चांगला शिकवतात. कोर्सेरावरचा जॉन्स हॉपकिन्सचा मानसिक प्रथमोपचाराचा, म्हणजे संकटातल्या माणसाला पहिला आधार देण्याचा, कोर्स नीट बांधलेला आहे. त्याच विषयावरची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची पुस्तिका तर फुकट मिळते: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, एवढ्या तीन पायऱ्यांत मांडलेली. काणकोणहून दर शनिवारी पणजी गाठायची, घरात आजारी माणूस, त्यात चवथ किंवा जत्रा आली की बॅच बुडणार. अशांना रात्री जेवणानंतर अर्धा तास हाच खरा पर्याय असतो. पुन्हा पुन्हा पाहताही येतं, आणि पैसेही फारसे जात नाहीत.

माझं घोडं अडलं ते त्या प्रश्नावलीपाशी. चार पर्याय असतात आणि बरोबर उत्तर बहुधा सगळ्यात लांब व सगळ्यात मवाळ असतं. दोन धडे झाले की न वाचताही खूण करता येते. ते एक वेळ चाललं असतं. पण अख्ख्या कोर्समध्ये आपण स्वतःच्या हातानं एकही उत्तर लिहीत नाही, आणि लिहिलंच तर ते कुणी वाचत नाही. चॅटवर काम करणाऱ्याचं सगळं काम म्हणजे लिहिलेलं वाक्य, आणि नेमकं तेच तपासल्याशिवाय प्रमाणपत्र हातात पडतं.

याचा फरक किती पडतो, ते एका सरावाच्या निरोपावरून बघा.

‘आईचं सगळं मीच बघते. भाऊ बोटीवर. रात्री झोप नाही. आता कंटाळा आला सगळ्याचा.’

प्रश्नावलीत पैकीच्या पैकी मिळवलेला नवखाही कोऱ्या चौकटीत साधारण असं लिहितो: ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल. आईची सेवा म्हणजे पुण्यच. भावाशी बोललात का? डॉक्टरांना दाखवलं का? योग करून बघा.’ हेतू सोन्यासारखा. पण पहिल्या वाक्यानं बोलणं मिटवलं. पुण्य काढल्यामुळे तिला कंटाळल्याचीच लाज वाटणार. एका दमात दोन प्रश्न आणि वर सल्ला आला की माणूस त्यातल्या सोप्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा होतो: ‘डॉक्टरांकडे गेले होते.’ आणि ‘सगळ्याचा कंटाळा’ हे निरोपातलं सगळ्यात जड वाक्य तसंच पडून राहिलं.

बॅचमध्ये शिकवणारा यातलं बहुतेक खोडतो आणि पुन्हा लिहायला लावतो. तिसऱ्या खेपेला उत्तर असं काही होतं: ‘आईचं रात्रंदिवस, तेही एकटीनं. सगळ्याचा कंटाळा म्हणता, तो जगण्याचाही का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ हा शेवटचा प्रश्न लिहिताना बोटं थांबतात. बरेच जण ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असं लिहितात, म्हणजे समोरच्याला ‘नाही’ म्हणायची वाट आधीच करून देतात. थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; अभ्यास तसंच सांगतात, आणि मोबाइलच्या कोर्समध्येही हे वाक्य असतं. वाचलेलं वाक्य आणि टाइप केलेला प्रश्न यांत अंतर आहे, आणि ते कुणीतरी लाल पेन घेऊन बसल्याशिवाय तुटत नाही.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा क्रमही हाताला बसलेला हवा. नुसता विचार आहे की काही ठरवलंय, साधन हाताशी आहे का, आत्ता घरात दुसरं कोण आहे. मग टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२, आणि बांबोळीची मनोरुग्ण संस्था. नंबर चिकटवून आपण निघून जायचं नाही. तिकडून कुणी फोन उचलेपर्यंत चॅटवर थांबायचं. ‘पोलिस केस होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतं, त्याला शिक्षा नव्हे तर मदत देतं, हे दोन ओळींत सांगता आलं पाहिजे.

कायद्याच्या बाबतीत परदेशी कोर्स आणखी एका ठिकाणी तोकडे पडतात. ‘तुमचं बोलणं आपल्यातच राहील’ असं सरसकट वचन देऊन ठेवलं आणि समोर १६ वर्षांची मुलगी घरातल्या कुणी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू लागली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा. म्हणून गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच निरोपात सांगायची असते.

बॅचची बाजू घेतो म्हणून तिचे दोष झाकत नाही. शिकवणारा कंटाळलेला असेल तर सगळंच पाण्यात. जागा थोड्या, तारखा पुढे ढकलल्या जातात. मुलाखतीत काहींना ‘सहा महिन्यांनी या’ म्हणतात, विशेषतः घरात नुकताच मृत्यू झालेला असला तर. हे ऐकायला कठोर, पण बहुधा योग्यच. मोठी उणीव ही की या बॅचा मुळात फोनसाठी बेतलेल्या असतात. १९५३ साली लंडनमध्ये समॅरिटन्स या हेल्पलाइननं घालून दिलेली आणि १९८६ पासून चेन्नईच्या ‘स्नेहा’ हेल्पलाइननं आपल्याकडे चालवलेली परंपरा आवाजावर उभी आहे. चॅटवर उसासा ऐकू येत नाही. दोन मिनिटं उत्तर आलं नाही तर माणूस टाइप करतोय, रडतोय की निघून गेला, ते कळत नाही. शिवाय आपल्याकडे एकाच निरोपात रोमन लिपीतली कोंकणी, मराठी आणि इंग्रजी येते. घाईत वाचलं तर नकार नजरेतून सुटतो.

छोट्या गोव्याची म्हणून एक अडचण दोन्हीकडे राहते. गाव विचारलं, वाडा विचारला, की तिसऱ्या प्रश्नाआधी घर कळतं, आणि ते आपल्या मावशीच्या शेजारचं निघतं. तेव्हा ते प्रश्न विचारायचेच नाहीत, आणि माणूस ओळखू आला तर चॅट सहकाऱ्याकडे सोपवायचा.

मी स्वतः बॅचचा रस्ता धरला आणि अजून तरी पस्तावलेलो नाही. तुमची सोय वेगळी असू शकते. ऑनलाइन म्हणजे वाईट असंही नाही. अमेरिकेत २०१३ला सुरू झालेल्या क्रायसिस टेक्स्ट लाइन या मेसेजवरच्या हेल्पलाइनचे स्वयंसेवक घरी बसूनच शिकतात, पण पाळीवर असताना सुपरवायझर त्यांचे संवाद पाहत असतो. म्हणून नाव नोंदवताना तास किती आणि फी किती याच्या आधी विचारा: माझी उत्तरं कोण वाचणार, किती दिवस वाचणार, आणि रात्री अकराला चॅट हाताबाहेर गेला तर फोन कुणाला करायचा? तिसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव मिळालं पाहिजे, ईमेलचा पत्ता नव्हे.

मोबाइलचा कोर्सच शक्य असेल तर त्याला जोड द्या. चौघं जमा, त्यात एक तरी हेल्पलाइनवर काम केलेला. आठवड्याला प्रत्येकानं दोन उत्तरं आणायची, नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून. स्क्रीनशॉट नको, हातानं लिहून. दुसऱ्यानं तीन गोष्टी मोजायच्या: एका निरोपात किती प्रश्न, न मागितलेला सल्ला किती वेळा, आणि जड वाक्य पकडलं की सुटलं. पहिला महिना फक्त बनवलेल्या निरोपांवर काढा. खऱ्या माणसाशी बोलायला त्यानंतर बसा, तेही गटातला एक जण ऑनलाइन असेल तेव्हाच.