मार्शल १९८७एक्स: सदर्न रॉकचा उबदार टोन मिळतो, पण जंपर लावल्यावरच

सत्तरच्या दशकातल्या सदर्न रॉकचा (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, ब्लूजवर आधारलेल्या रॉकचा) गिटार टोन हवा असेल, तर मार्शलचा ५० वॉटचा १९८७एक्स हेड (स्पीकर वेगळा लावावा लागणारा ट्यूब अँप) त्याच्या फार जवळ जातो. मात्र गिटार नुसती पहिल्या चॅनलला लावून सगळे नॉब मध्यावर ठेवले, तर आवाज कानाला टोचतो. या हाय ट्रेबल चॅनलच्या व्हॉल्यूमवर ब्राइट कपॅसिटर आहे. व्हॉल्यूम कमी असेल तेवढा तो ट्रेबल जास्त पुढे सोडतो. १९७१ साली न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारिस्ट डुएन ऑलमन ५० वॉटचे मार्शल बेस हेड वाजवत होता, हे इथे लक्षात ठेवावं. त्याच्यासारखा जाडसर मिडरेंज (मधल्या पट्टीचा आवाज) या अँपच्या दुसऱ्या, नॉर्मल चॅनलमध्ये आहे.

म्हणून दोन्ही चॅनल जोडा, म्हणजेच जंपर लावा. गिटार पहिल्या चॅनलच्या हाय इनपुटला लावा आणि त्याच चॅनलच्या लो इनपुटमधून छोटी पॅच केबल दुसऱ्याच्या हाय इनपुटला न्या. सुरुवातीला नॉर्मलचा व्हॉल्यूम ७, हाय ट्रेबलचा ४, बेस ३, मिडल ७, ट्रेबल ४, प्रेझेन्स (सर्वात वरच्या सुरांची धार) २ ठेवा. बेस याच्या वर नेलात की जाड तारा फदफदतात. नॉर्मल चॅनल एवढा उघडल्यावर खालचा भाग आधीच भरपूर असतो.

पॉवर सप्लायला सॉलिड स्टेट रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा, ट्यूबऐवजी डायोडचा भाग) असल्याने जोरात तार छेडली तरी सुरुवातीचा ठोका दबत नाही. दोन गिटार तिसऱ्या सुरावर जोडीने वाजतात, तेव्हा दोन्ही ओळी सुट्या ऐकू येतात त्या यामुळेच. मला हा गुण फार मोलाचा वाटतो. ट्यूब रेक्टिफायरचा मऊपणा हवा असणाऱ्यांनी दुसरा अँप बघावा.

गिटारमध्ये ८ किलोओहमच्या आसपासचे, अल्निको मॅग्नेटचे हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) हवेत. गरम, म्हणजे जास्त आउटपुटच्या, पिकअपने अँपची पहिलीच ट्यूब चिरडली जाते आणि स्लाइडमधला (बोटात नळी घालून तारांवर सरकवत वाजवताना येणारा) गाता सूर हरवतो. गिटारचं वायरिंग १९५०च्या दशकातल्या पद्धतीचं करून घ्या: टोनचा ०.०२२ मायक्रोफॅरड कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जोडायचा. मग गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणला तरी सूर मळत नाही. ऱ्हिदम ६ वर, सोलो ९ वर. पेडल लागत नाही.

खरी अडचण आवाजाची. मास्टर व्हॉल्यूम नाही, आणि वरची सेटिंग बंद खोलीत सोसवणार नाहीत. ॲटेन्युएटर (हेड आणि स्पीकरच्या मधे लावून आवाज कमी करणारं उपकरण) घ्यावाच लागेल, तोही १०० वॉटचा, कारण पूर्ण उघडलेला अँप ५० च्या वर जातो. त्याचा इम्पीडन्स हेडच्या सिलेक्टरशी जुळवा. ॲटेन्युएटरने जास्त दाबल्यावर आवाज निस्तेज वाटला, तर प्रेझेन्स ४ वर न्या. २५ वॉटचे ग्रीनबॅक स्पीकर लावायचे असतील तर चार लावा; दोनच लावले तर जळण्याची भीती आहे. स्पीकर किंवा लोड न जोडता हेड कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

ईएल३४ या पॉवर ट्यूबची जोडी बदलल्यावर बायस (ट्यूबमधून नुसता वाहणारा प्रवाह) नव्याने लावावा लागतो. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील, तर प्रत्येक ट्यूबला ३५ मिलीअँपिअर पुरेत. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्या; प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरलेला असू शकतो.