हॅरिस काउंटीचे जज : एका जुन्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

सेवा : काउंटी जज, हॅरिस काउंटी (ह्यूस्टन), टेक्सास. मुख्यतः एड एमेट, 2007 ते 2018. पाचपैकी साडेचार तारे.

भारतातून आलेले आईबाबा इथे हमखास गोंधळतात, म्हणून आधीच सांगते. हे जज काळा डगला घालून खटले चालवत नाहीत. वकील असण्याचीही अट नाही. एमेट वकील नव्हतेच. चार कमिशनर आणि जज मिळून काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, पैसा कुठे जायचा ते ठरवतात, आणि वादळ-पूर आला की सूत्रं जजच्या हातात. म्हणजे आपला कलेक्टरच, फक्त मतं मागून आलेला. वस्ती 45 लाखांच्या वर.

एमेट यांची किंमत कळायला आधीचा सप्टेंबर 2005 आठवावा लागतो. कतरिना वादळाला महिनाही झाला नव्हता, त्यात दुसरं वादळ रीटा येणार म्हटल्यावर अख्खं ह्यूस्टन एकदम रस्त्यावर. आम्हीही 290 नंबरच्या हायवेवर गाडी घातली. पेट्रोल पुरवायचं म्हणून एसी बंद, मागे लेक रडून रडून झोपलेली, ऑस्टिनचा पत्ता नाही. वादळ भलतीकडेच वळलं. टेक्सासात वादळापेक्षा या पळापळीत, उकाड्यात माणसं जास्त गेली.

2008 ला आइक वादळ आलं तेव्हा टीव्हीवर एमेट होते. आवाज चढवणं नाही, नाटक नाही. समुद्राची लाट जिथे शिरेल त्या पिनकोडांनी निघा, बाकीच्यांनी घरातच घट्ट बसून राहा. आम्ही राहिलो. कुंपण आडवं झालं, वीज गेली, फ्रीजमधलं सगळं फेकलं. पण हायवेवर कुणाचा जीव टांगणीला लागला नाही. माझे चार तारे इथेच वसूल.

हार्वी वादळाच्या पुरात, ऑगस्ट 2017 मध्ये, बाहेरून मदत येईपर्यंत थांबता येणार नाही, ज्यांच्याकडे बोट आहे त्यांनी बाहेर पडा, असं त्यांनी लोकांनाच सांगितलं. सरकारी माणसाने एवढं कबूल करणं सोपं नसतं. शहराचं निवारा केंद्र भरून वाहायला लागल्यावर काउंटीने एनआरजी सेंटर उघडलं, दहा हजार लोकांच्या तयारीने. बरोबर वर्षाने, 25 ऑगस्ट 2018 ला, पूरनियंत्रणासाठी 250 कोटी डॉलरचे रोखे मतदारांनी भरघोस मतांनी मंजूर केले. आणि त्याच नोव्हेंबरात त्यांना घरी बसवलं! दोन टक्क्यांहून कमी फरकाने. तेव्हा एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता यायचं. बिचारे रिपब्लिकन रांगेत होते, आणि लाट होती डेमोक्रॅटांची.

अर्धा तारा कापला तो ॲस्ट्रोडोमसाठी. ते जुनं स्टेडियम वाचवायचा त्यांचा हट्ट होता. 2013 ला मतदारांनी नाही म्हटलं, 2018 ला साडेदहा कोटी डॉलरची दुसरी योजना मंजूर झाली, तीही पुढे बारगळली. अजून कुलूपच आहे.

त्यांच्यानंतर लीना हिडाल्गो आल्या, निवडून आल्या तेव्हा वय 27. मला वाटलं, ही पोर काय सांभाळणार. मार्च 2019 मध्ये डीअर पार्कच्या रसायनांच्या टाक्या पेटल्या, तेव्हा त्या इंग्रजीत बोलून लगेच स्पॅनिशमध्ये बोलत. शेजारच्या काउंटीतल्या एका कमिशनरला ते खटकलं. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाई मात्र हातातलं काम टाकून ते ऐकत उभ्या होत्या. 2023 मध्ये नैराश्यावर उपचार घ्यायला सुट्टी घेतली तेही उघड सांगून. पण कमिशनरांशी त्यांचे खटके फार. बैठकीचं थेट प्रक्षेपण लावलं तर जेवण होतं, भांडी होतात, ते चालूच. साडेतीन तारे.

नव्याने राहायला आला असाल तर काउंटीच्या पूर-इशारा संकेतस्थळावर जा. नकाशावर ठिपके दिसतील. आपल्या बायूजवळचा (बायू म्हणजे इथले संथ ओढे) दाबला की गेल्या तासाभराचा पाऊस आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते कळतं. फुकट आहे. फोनवर इशाराही लावून ठेवा, जूनमध्ये वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत.